हेलिशिया जयतीर्थी

१

गोपालकृष्णानं कुलूप लावायला म्हणून दार ओढलं, आणि आतून कोणीतरी म्हणालं, "काय?"

"काही नाही सर, कुलूप लावीत होतों," असं म्हणून तो अदबीनं उंबऱ्याशी थांबला. सर बाहेर येतील, चपला घालतील, छत्री मागतील, असं त्याला वाटत होतं. सर आले नाहीत. जरा वेळानं पुन्हा तोच शब्द आला, "काय?" या खेपेला आवाज जमिनीजवळून आला होता. गोपालकृष्ण आत धावला.

कॉलेजच्या त्या लांबट खोलीत वाळवून कागदावर चिकटवलेली हजारो झाडं कपाटांत ठेवलेली होती. दोन कपाटांच्या मधे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जयतीर्थ उताणे पडले होते. उजवा हात आणि उजवा पाय लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र लख्ख उघडे. त्यांच्या उशाशी एक लहानसं लोखंडी कपाट सताड उघडं होतं आणि कुलपात लाल दोऱ्याची किल्ली लोंबत होती. त्या कपाटातली सगळ्यांत मोलाची शीट, म्हणजे नमुना चिकटवलेला कागद, जागेवर नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे साठ साली, येरकाडच्या डोंगरउतारावर सापडलेलं एक फुलझुडूप जयतीर्थांचा शिष्य सूर्यनारायण यानं नवीन म्हणून जगापुढं मांडलं होतं. आफ्रिकेतल्या प्रोटियाच्या कुळातलं ते झुडूप. त्यानं त्याचं लॅटिनमध्ये वर्णन केलं आणि गुरूच्या नावावरून त्याचं बारसं केलं: हेलिशिया जयतीर्थी. असं नाव ठेवताना त्या झाडाची एक वाळवलेली फांदी मूळ नमुना म्हणून कायमची जपून ठेवावी लागते. पुढं कोणी शंका काढली की तीच फांदी समोर धरायची. वर्णन कितीही छापलेलं असो, साक्षीदार तेवढी एक फांदी. गुरुवारी सकाळी कलकत्त्याहून एक मोठे तज्ज्ञ हाच नमुना पाहायला तंजावूरला येणार होते. आणि मंगळवारी संध्याकाळी नमुना गायब झाला होता.

२

भीमसेनरावांचं नाव भीमाचं आणि अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची. जिल्हा न्यायालयात दुभाष्याचं काम करता करता त्यांचे केस पिकले. साक्षीदार तमिळमध्ये बोले, न्यायाधीशाला इंग्रजी हवं असे, आणि मराठी राजांच्या जुन्या राजवाड्याच्या गल्लीतली एखादी म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली की ती जुन्या मराठीत वकिलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. हे सगळं इकडचं तिकडे पोचवायचं, आणि पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. आता ते निवृत्त होते, आणि कॉफी नेमकी कधी निवली याबद्दल सुनेशी वाद घालणं एवढाच त्यांचा व्यवसाय उरला होता.

बुधवारी सकाळी जयतीर्थांच्या घरून निरोप आला तेव्हा ते कॉफी तशीच टाकून उठले. जयतीर्थ त्यांचे बालमित्र होते.

नागलक्ष्मीवहिनी पलंगाशी बसल्या होत्या. नऊवारी चुरगळलेली, कुंकू फिसकटलेलं.

"भावजी, डॉक्टर म्हणतात वाचतील, पण बोलणं येईल कीं नाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "एक शब्द तेवढा राहिला अहे. पाहा, पुसतात आतां."

जयतीर्थांनी मित्राला पाहिलं. त्यांचा डावा हात उचलला गेला. "काय," ते म्हणाले. "काय... काय..."

"काही नाही हो, काही नाही," वहिनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवीत म्हणाल्या, आणि भीमसेनरावांकडे वळून रडू लागल्या. "रात्रभर असेंच. हे पुसतात काय, आणि मी म्हणतें काही नाही. ह्यांना पटतच नाही."

हजार झाडांची नावं ज्याच्या जिभेवर होती त्या माणसाकडे एवढं एकच अक्षर शिल्लक राहावं, याचा भीमसेनरावांना रागच आला. कोणाचा राग, ते कळत नव्हतं.

"भावजी, तें ह्यांचं झाड कोणीं चोरलं तें तुम्ही शोधा," वहिनी म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत, म्हणून झाडाचंही घेत नसत. "आम्हांला पोटीं लेकरू नाही. पुढें ह्यांचं नांव चालवणारं तें एकच झाड अहे."

पलंगाच्या पायथ्याशी सूर्यनारायण उभा होता. रात्रभर तोही जागला होता. डॉक्टरांना आणणं, औषध आणणं, पंखा घालणं, सगळं त्यानं पोटच्या मुलासारखं केलं होतं. आताही तो, तिकडं वडीलधाऱ्यांना मामा-मामी म्हणतात तसं, हळूच म्हणाला, "मामी, सरांनी एवढ्यांत काही पुडकं आणलं होतं का? कॉलेजचं असेल तर नेऊन पोंचवतों."

"नाही रे. पिशवी तेथें खुंटीला अहे. रिकामीच अहे."

सूर्यनारायणानं तरीही पिशवी उलटी करून पाहिली.

३

प्रिन्सिपलसाहेबांनी भीमसेनरावांपुढे हात जोडले. प्रकरण चार भिंतींच्या आत मिटावं अशी त्यांची इच्छा होती. गुरुवारी सकाळपर्यंत शीट मिळाली नाही तर पाहुण्यांना खरं सांगावं लागेल, पोलिसांना बोलवावं लागेल, आणि राजम या विद्यार्थिनीचं नाव द्यावं लागेल. लाल दोऱ्याची किल्ली तिची होती. लोखंडी कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक सरांची, ती त्यांच्या घरी खुंटीवर सापडली, आणि दुसरी हिची.

भीमसेनरावांनी आधी गोपालकृष्णाला गाठलं. नमुने कागदावर चिकटवायचे, कपाटं झाडायची, कुलपं लावायची हे त्याचं काम. पाहुण्यांच्या भेटीची त्यालाही धास्ती होती.

"किडीनं खाल्ली म्हणून तूंच शीट लपवलीस, असें लोक म्हणतील," भीमसेनरावांनी उगाच डिवचलं.

"अय्यो, राव! प्रत्येक शीटला पाऱ्याचं विष लावलेलं अहे. कीड तोंड लावील तर मरेल." गोपालकृष्ण दुखावला. "मी फाटकाशीं होतों. कोण आलं, कोण गेलं, मला काही ठाऊक नाही. मागचं दार उघडंच असतें."

"सर एकच शब्द बोलतात अहेत. काय."

"ऐकलं की मीं. बिचारे. आपल्याला काय झालं म्हणून पुसत असतील." त्यानं उपरण्यानं डोळे टिपले.

मग राजम. बाविशीची संशोधक विद्यार्थिनी, दोन वेण्या, डोळे सुजलेले. ती भीमसेनरावांसमोर बसली ती पदराचं टोक पिळत.

"किल्ली माझीच अहे, मामा. सर घरीं आपली विसरले होते. दुपारीं माझी मागून घेतली. कशास हवी तें मीं पुसलं नाही."

"कोणीं पाहिलं?"

"कोणीं नाही."

"आणि सूर्यनारायणाशीं तुझा वाद झाला होता म्हणतात."

तिनं मान वर केली. "होय. येरकाडच्या सहलींत तें झुडूप पहिल्यानें मीं पाहिलं. फांदी मीं तोडली. छापलेल्या लेखांत माझं नांव एका ओळींतही नाही. म्हणून मीं भांडलें. पण चोरीन कशास? माझ्या हातचं एवढं एकच अहे त्या खोलींत."

"कॉलेजांतून नांव काढून टाकतील तुझं, ठाऊक अहे ना?"

"टाकतील. मग बाबा वैशाखांत लग्न उरकतील. वर पाहून ठेवलेलाच अहे."

"सर एकच शब्द बोलतात अहेत. काय."

राजम ओक्साबोक्शी रडू लागली. "मला पुसत असतील. काय केलंस ग, असें मला पुसत असतील. त्यांनाही वाटतें अहे मीं चोरलं!"

शेवटी सूर्यनारायण. त्याचा लेख छापून आल्यापासून कॉलेजात त्याचा भाव वधारला होता. बढती झाली होती, आणि इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती हातातोंडाशी आली होती. नमुना हरवण्यात सगळ्यांत जास्त नुकसान त्याचंच, असं दिसत होतं.

"मी तर संध्याकाळच्या गाडीनें पापनाशमला घरीं जायला स्टेशनावर गेलों होतों," तो म्हणाला. "निरोप मिळाला तसा माघारीं आलों. राजमबद्दल मला काही म्हणायचं नाही, मामा. पोर तापट अहे, एवढंच."

"तुमचे सर एकच शब्द बोलतात अहेत, सूर्यनारायणा. काय."

सूर्यनारायणानं चष्मा पुसला. "त्या शीटवर फुलंच होतीं, मामा. कळ्या आणि फुलं. दुसरं काही कधीं नव्हतंच."

"बरं," भीमसेनराव म्हणाले आणि उठले.

कॉलेजच्या फाटकाबाहेर पडताना त्यांना काहीतरी खटकत होतं, पण काय ते ध्यानात येत नव्हतं. तिघांनी तीन उत्तरं दिली होती. दोघांना रडू आलं, तिसऱ्याला आलं नाही. पण रडू न येणं हा काही गुन्हा नव्हे, आणि भीमसेनरावांना ते स्वतःलाही कुठं नीट येत होतं!

४

दुपार कलली तरी हाती काही लागलं नव्हतं. ते आपल्या ओट्यावर बसून होते. सून आत कॉफी गाळीत होती, आणि या खेपेला त्यांनी ती गरम आहे का हेही विचारलं नाही. उद्या सकाळी त्या मुलीचं आयुष्य मोडणार, आणि आपण नुसते बसलो आहोत, एवढंच ते मनात घोळवीत होते.

गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर टोपली घेतलेली बाई वळली. रोजचीच होती.

"काय वांगलियो, काऽय!" तिनं हाळी दिली. भाजी घ्या हो, भाजी! "काय... काय..."

भीमसेनराव ताडकन उठून उभे राहिले. ओट्यावरचा पितळी कूजा कलंडला आणि पाणी पायरीवरून वाहत गेलं.

तमिळमध्ये काय म्हणजे कच्चं फळ. भाजीला लागणारं हरेक फळ कायच. या गावातली मराठी माणसं घरात मराठी बोलतात आणि भाजीवालीशी तमिळ. दिवसातून दहा वेळा ही दोन 'काय' त्यांच्या कानावरून जातात आणि एकमेकांत कधी मिसळत नाहीत. मराठीत हिरव्या कच्च्या फळाला असा एक सरसकट शब्दच नाही. म्हणून जयतीर्थ वर्गात, आणि घरी मराठी बोलतानासुद्धा, झाडाच्या तीन अवस्था तमिळमध्येच सांगत: पू, काय, पळम. फूल, कच्चं फळ, पिकलं फळ.

मित्र काही विचारीत नव्हता. मित्र सांगत होता!

आणि मग दुसरी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली, तेव्हा त्यांनी चपला न घालताच गल्लीतून धूम ठोकली. गोपालकृष्णानं तो शब्द मराठी म्हणून ऐकला होता. राजमनं मराठी म्हणून ऐकला होता. लग्नाच्या बायकोनं, आणि जन्मभर दुभाषेपण केलेल्या त्यांनी स्वतःही, मराठी म्हणूनच ऐकला होता. एकट्याच माणसानं ताबडतोब उत्तर दिलं होतं की शीटवर फुलंच होती, दुसरं काही नव्हतं.

जयतीर्थांच्या दारात त्यांनी वहिनींना विचारलं, "आंत कोण अहे?"

"सूर्यनारायण बसला अहे ह्यांच्यापाशीं," वहिनी म्हणाल्या. "मीच म्हटलं, जरा बस, मी अंघोळ करून येतें."

५

सूर्यनारायण पलंगाशी नव्हता. तो फडताळापुढं बसून जुनी वर्तमानपत्रं उलटीसुलटी करीत होता. भीमसेनरावांना पाहून तो उठला.

"सरांचे कागद लावून ठेवावे म्हटलं, मामा."

"फार चांगलं. पण आधीं औषधाच्या दुकानांत जाऊन ये. डॉक्टरांनीं मालिशीचं तेल सांगितलं अहे," भीमसेनरावांनी धडधडीत थाप मारली. धाप लागली होती, पण आवाज त्यांनी कोर्टातल्यासारखा सपाट ठेवला. सूर्यनारायण क्षणभर घुटमळला, मग गेला.

भीमसेनराव मित्राच्या कानाशी वाकले. तमिळ माणूस कामावरून परतलेल्याला एक ठरलेला प्रश्न विचारतो: काम झालं की फसलं? तोच त्यांनी विचारला.

"काया, पळमा?" कच्चं, की पिकलं?

जयतीर्थांचे डोळे पाण्यानं भरले. "काय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची मान होकारार्थी हलली. डावा हात स्वयंपाकघराकडे गेला.

"वहिनी, ह्यानें घरीं काही फळं आणलीं होतीं? कच्चीं?"

"फळं?" वहिनी गोंधळल्या. "खायचीं नव्हेत तीं. सेलमला लग्न अहे म्हणून गेले होते, तेथून येतांना चार हिरवीं बोंडं आणलीं. म्हणाले, तांदळांत घालून ठेव, वाळतील. पण सूर्यनारायण तर पुडकं पुसत होता. मीं पुडकं कोठें पाहिलं? तांदळांत कोण पुडकं म्हणेल?"

त्यांनी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि बोंडं बाहेर काढली. ती हिरवी राहिली नव्हती. वाळून तपकिरी झाली होती, आणि प्रत्येक बोंड एका अंगानं चिरलं होतं. आतून पातळ, पंखांचं बी डोकावत होतं.

सेलमला कसलं आलं लग्न! तिथून येरकाडचा घाट सुरू होतो.

६

कॉलेजच्या त्या लांबट खोलीत राजमनं बोंड तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"कोठून मिळालं, मामा?"

"तुझ्या झुडपाचं अहे."

"असणारच नाही. हेलिशियाचं फळ टणक असतें. वाळलं तरी उकलत नाही. हें उकललं अहे, आणि बीला पंख अहेत." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "अय्यो. हें ग्रेव्हिलियाचं फळ अहे. आम्हीं फुलं पाहिलीं, फळ कोणींच पाहिलं नव्हतं. कुळ एकच, फुलं जोडीनें येतात, पाकळ्या तशाच मागें वळतात. उतारावर गोऱ्या मळेवाल्याचा पडका बंगला होता, मामा. त्याच्या बागेंतलं परदेशी झुडूप असेल. बी उडून रानांत गेलं असेल."

"म्हणजे नवीन नव्हे?"

"नव्हे. नांवच चुकीचं अहे."

भीमसेनराव मटकन स्टुलावर बसले. मित्राच्या नावानं चालणारं ते एकुलतं एक झाड, आणि तेच खोटं. जयतीर्थांनी ते स्वतः डोंगर चढून शोधून काढलं होतं, आणि शिष्याची लाज राखायची म्हणून घरात बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. असा गाढव मित्र मिळायला भाग्य लागतं.

"राजम, त्या चोराला शीट घेऊन बाहेर पडायला धीर झाला नसेल," ते म्हणाले. "फाटकावर गोपालकृष्ण, आणि मागच्या दारीं भर रस्ता. हातांत मोठी शीट दिसलीच असती. तुम्हीं खोलींत शोधलंत कोठें?"

"हेलिशियाच्या सगळ्या गठ्ठ्यांत. शेजारच्या कपाटांत. खालीं, वर."

"आणि ज्याची फळं अशीं उकलतात त्या गठ्ठ्यांत?"

"ग्रेव्हिलियाच्या? तेथें कशास? कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक अहे त्यांत. शाळेंतलं पोरही ओळखतें. त्याला कोणी हात लावीत नाही." बोलता बोलताच ती उठली. समोरच्याच कपाटातून तिनं गठ्ठा काढला, फीत सोडली. सिल्व्हर ओकच्या शीटांच्या मधोमध, कडा नीट जुळवून ठेवलेला, हेलिशिया जयतीर्थीचा मूळ नमुना होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. राजम हसली आणि लगेच रडू लागली.

"मिळालं का, मामा?" दारातून आवाज आला. सूर्यनारायण तेलाची बाटली हातात घेऊन उभा होता; मामा बोंडं घेऊन कॉलेजात गेले हे त्याला घरी कळलं होतं.

७

"मिळालं," भीमसेनराव म्हणाले. "जेथें असायला हवं तेथेंच."

"राजमनेंच ठेवलं असणार."

"राजमला फळ ठाऊक नव्हतं. फळ पाहिल्यावांचून ही शीट या गठ्ठ्यांत ठेवायचं कोणाला सुचलं असतं? फळ ठाऊक होतं जयतीर्थाला, आणि त्यानें ज्याला सांगितलं त्याला. आज सकाळीं मीं तिघांना एकच शब्द ऐकवला. दोघांनीं तो मराठी ऐकला. तूं माझ्याशीं मराठी बोलत होतास, मी तुझ्याशीं मराठी बोलत होतों, तरी तुला तो तमिळ कां ऐकूं आला रे? फळाचं नांव कोणीं काढलंच नव्हतं. चोराच्या मनांत चांदणं, दुसरं काय!"

सूर्यनारायणानं बाटली खाली ठेवली. मग तोही खाली बसला, भिंतीला पाठ लावून.

"सर रागावले नाहीत, मामा," तो म्हणाला. "रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, चूक दोघांची अहे, पाहुण्यांना दोघं मिळून सांगूं. घरीं काय वाळत ठेवली अहे म्हणाले. शीट काढून दाखवीत होते. माझी बढती गेली, इंग्लंड गेलं, सगळा गांव हंसणार, एवढंच मला दिसलं. मीं शीट हिसकली. सरांनीं धरून ठेवली. मग त्यांचा हात एकदम सुटला. पडले."

"आणि तूं?"

"मीं... शीट ठेवली. या गठ्ठ्यांत ठेवावी असें सुचलं नव्हतं, मामा. हात गेला. सरांनींच वळण लावलेला हात अहे."

"गुरु भुईवर पडलेला, आणि तूं गठ्ठ्याची फीत बांधीत होतास."

सूर्यनारायणानं तोंड झाकून घेतलं.

"एक ऐका," तो शेवटी म्हणाला. "मला काय करायचं तें करा. पण त्या नांवांत सर अहेत. शीट पाहुण्यांना मिळाली नाही तर नांव राहील. मिळाली तर उद्यां तें खोडलं जाईल. सरांना आतां काय उरलं अहे, मामा?"

भीमसेनरावांच्या अंगावर काटा आला, कारण हाच विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता.

"मी सोसीन," राजम म्हणाली. दोघांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "किल्ली माझीच होती. शीट मीं हरवली म्हणून सांगा. सरांचं नांव राहूं द्या. लग्न काय, आज ना उद्यां व्हायचंच होतं."

एवढीशी पोर, आणि सगळं आयुष्य ओंजळीत घेऊन पुढं करीत होती. भीमसेनरावांना वाटलं, हो म्हणावं. मित्रासाठी एवढं खोटं कोण बोलणार नाही? पण त्यांचा जन्म दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे पोचवण्यात गेला होता, आणि मित्र काल संध्याकाळपासून एकच शब्द घेऊन धडपडत होता. तो गिळून टाकायचा अधिकार दुभाष्याला नव्हता.

"हें तुझं नव्हे आणि माझंही नव्हे," ते म्हणाले. "ज्याचं नांव अहे त्याला पुसूं. ऊठ रे तूंही."

८

दिवेलागणीला भीमसेनराव आणि राजम पलंगाशी उभे राहिले. सूर्यनारायण उंबऱ्याच्या आत आला नाही. भीमसेनरावांनी सगळं वहिनींच्या देखत सांगितलं, काही राखलं नाही. मग ते मित्राजवळ बसले.

"तीर्था, झाड तुझं राहत नाही. नांव जाईल. गप्प बसलों तर राहील, पण ह्या पोरीचं जाईल. बोल, काय करूं?"

जयतीर्थांनी बायकोकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं त्यांनी उशाजवळचं उकललेलं बोंड चाचपून घेतलं, राजमचा हात ओढला, बोंड तिच्या तळहातावर ठेवलं, आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. मूठ सुटू नये म्हणून वरून आपला हात दाबून धरला.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. पण बोलल्या तेव्हा आवाज स्वच्छ होता. "सरि, बरं तर. ह्यांनीं सांगितलं, झालं. पाहुणे सकाळीं येतात ना? शीट त्यांच्यापुढें नीट ठेव, ग." मग त्या उंबऱ्याकडे वळल्या. "आणि तूं तेथें कशास उभा? टाकून गेला होतास, आतां उचलायला ये. ह्यांना कुशीवर वळवायला मला एकटीला होत नाही."

सूर्यनारायण आत आला. त्या रात्री आणि पुढं कितीतरी महिने तो येत राहिला. पण कॉलेजचा राजीनामा त्यानं सकाळीच दिला.

गुरुवारी पाहुणे आले. राजमनं शीट आणि बोंडं त्यांच्यापुढं ठेवली आणि इंग्रजीत, अडखळत, एका दमात सांगितलं की हे झुडूप नवीन नाही, आमची चूक झाली आहे. पाहुण्यांनी भिंग काढलं, बी पाहिलं, फूल पाहिलं, पुन्हा बी पाहिलं. प्रिन्सिपलसाहेब घाम पुसत होते.

"जुनं नाव खोडू नका," पाहुणे म्हणाले. "शीटवर चूकसुद्धा जपायची असते. शेजारी नवी चिठ्ठी लावा. झाड खरं कोणतं ते लिहा, आणि ते ज्यानं ओळखलं त्याचं नाव खाली घाला. शीट आहे तोवर ते नाव राहतं. कोणी ओळखलं हे? तुम्ही?"

"नाही," राजम म्हणाली. तिनं दौत पुढं ओढली, चिठ्ठीवर ग्रेव्हिलिया असं लिहिलं, आणि त्याखाली आपल्या वळणदार अक्षरात जयतीर्थांचं नाव लिहिलं.

पाहुण्यांनी ते वाचलं, भिंग खिशात टाकलं आणि ते उठले. "या गृहस्थांना भेटल्याशिवाय मी गावाबाहेर जाणार नाही," ते म्हणाले.